बारदान वजा

मापाडी काकांनी मला नाव विचारायच्या आधी वजन विचारलं. माझा नोकरीचा पहिला दिवस होता. नव्या डॉक्टरला हॉस्पिटल फिरवून दाखवायची पद्धत होती, म्हणून मेट्रनबाईंनी मला तळमजल्यावर औषधांच्या खिडकीशी नेलं आणि "या नवीन मॅडम" एवढंच म्हणून त्या निघून गेल्या. चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ खिडकीतून वाकले. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, म्हणजे एखादी बॅग विमानात चढेल की नाही असं पाहतात तसं, आणि म्हणाले, "किती भरता?"

मी म्हटलं, "बावन्न."

"चपला काढून?"

चपला काढून, पर्स खाली ठेवून, खिडकीशेजारच्या काट्यावर मी पन्नास किलो पाचशे ग्रॅम भरले. तो आकडा त्यांनी एका लांबट वहीत लिहिला, मग माझं नाव विचारून त्याच्यापुढे घातलं आणि म्हणाले, "दीड किलो जास्तीचं सांगत होता. बरेचजण कमी सांगतात." हे कौतुक होतं की ठपका, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. ते अजून उभं आहे, मी अजून तिथंच आहे आणि मला तिथंच राहायचं आहे. काका तिथले फार्मासिस्ट होते. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. समोर सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठीमागे मापाडी. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नव्हतं, कारण त्यांचे वडील खरोखरच मोंढ्यात मापाडी होते. ज्यांनी मोंढा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. धान्याच्या बाजारात शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधे उभं राहून जो पोती मोजतो तो मापाडी. तो माल घेत नाही, विकत नाही. काटा काय म्हणतो ते मोठ्यानं सांगणं एवढंच त्याचं काम, आणि त्याबद्दल दोन्ही बाजू त्याच्यावर कायम नाराज असतात.

"मह्या बापानं हयातभर पोती मोजली," काका सांगत. "पोतं काय सोताचं वजन सांगत नाय. पेशंटबी सांगत नाय. सांगितलं तर खोटं सांगतो. मग कुणीतरी मोजायला पायजे का नको?"

बारदान हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले. रिकाम्या पोत्याचं स्वतःचं जे वजन असतं ते बारदान. भरलेलं पोतं काट्यावर चढवलं की आलेल्या आकड्यातून बारदान वजा करायचं, तेव्हा आतल्या ज्वारीचं खरं वजन हाती येतं. काकांना हे शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. त्यामुळे जाड स्वेटर घालून काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाकडे ते फार दुःखी चेहऱ्यानं पाहत.

त्यांचा लाल पेन प्रसिद्ध होता. वॉर्डातून औषधांची चिठ्ठी खाली गेली, की तिच्यातली औषधं ते एकमेकांशी, पेशंटच्या वयाशी, किडनीच्या रिपोर्टशी आणि अर्थातच वजनाशी ताडून बघत. काही खटकलं तर वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरात 'परत' असं लिहीत, खाली एका ओळीत कारण देत आणि शेवटी पत्रात लिहितात तसं 'कळावे' लिहीत. 'परत. वजन लिहिलेले नाही. कळावे.' 'परत. ह्या दोन गोळ्यांचे पटत नाही, एक कमी करावी. कळावे.' एकदा आमच्या सर्वांत मोठ्या सर्जनसाहेबांची चिठ्ठी परत आली. साहेब लाल होऊन खाली गेले आणि दहा मिनिटांनी गप्प होऊन वर आले. चिठ्ठी त्यांनी नवी लिहिली.

चिठ्ठीवर 'अंदाजे' लिहिलेलं त्यांना मुळीच खपत नसे. कोणी 'वजन अंदाजे ५५' लिहिलं, की ते त्या शब्दाभोवती लाल गोल काढत आणि गोलाच्या आत काहीच लिहीत नसत. मी एकदा वैतागून विचारलं, "काका, थोडाफार अंदाज चालतो की नाही माणसाला?"

"चालतो की. भाजीत मीठ टाकताना चालतो," ते म्हणाले. "तेबी आपल्या घरच्या भाजीत."

खिडकीशेजारचा काटा त्यांनी स्वतः आणून ठेवला होता. दर महिन्याला शुगरच्या, बीपीच्या गोळ्या न्यायला येणारा प्रत्येक पेशंट आधी त्या काट्यावर चढे, मगच गोळ्यांची पिशवी खिडकीबाहेर येई. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे महिन्यामहिन्याचं वजन असे. काटा खरा आहे की नाही हे बघायला रोज सकाळी ते त्याच्यावर वडिलांचं वीस किलोचं लोखंडी माप ठेवत. दर सोमवारी स्वतः उभे राहत, ते मात्र नुसतं वहीत नोंद असावी म्हणून. एरवी ते माप खिडकीच्या दारापाशी जमिनीवर असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगठ्याला लागे. एका ट्रस्टींचा अंगठा सुजला तेव्हा माप हलवायचा लेखी हुकूम आला. काकांनी तो हुकूम फाइल केला आणि माप चार इंच सरकवलं.

एकदा गुलमंडीतल्या साड्यांच्या दुकानात ते मला सपत्नीक भेटले. काकू साडी बघत होत्या आणि काका दुकानदाराला विचारत होते की ही किती ग्रॅमची आहे. काकू मला म्हणाल्या, "मला बघायला आले तवा यांनी पहिलं काय इचारलं असंल, सांगा."

मी सांगितलं.

"व्हय. मी म्हणलं, काटा असंल तर आणा. तर दुसऱ्या दिशी सायकलवर बांधून आणला की." काकू हसल्या. काका हसले नाहीत, कारण त्यांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं.

मग तो आजार आला. सगळं बंद झालं, पण हॉस्पिटल उघडं राहिलं. आमच्या मजल्याचा कोविड वॉर्ड झाला. साठीला टेकलेल्या किंवा शुगर असलेल्या कर्मचाऱ्यांनी वॉर्डात पाऊल टाकायचं नाही असा नियम निघाला. काका सत्तावन्न वर्षांचे होते, त्यांना शुगर होती आणि गुडघे गेलेले होते. त्यामुळे त्यांनी खाली खिडकीतच बसायचं असं ठरलं.

वर आम्ही प्लास्टिकच्या पोशाखात उकडून निघत होतो. त्या आजारात रक्ताच्या गुठळ्या होत, म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन पोटात टोचावं लागे. त्याचा डोस वजनावर ठरतो. कमी पडला तर गुठळी फुप्फुसात जाते, जास्त झाला तर आत रक्तस्राव होतो. हे आम्हा सगळ्यांना पुस्तकातून पाठ होतं. पण नाकाला ऑक्सिजन लावलेल्या, कूस बदलतानासुद्धा धाप लागणाऱ्या माणसाला काट्यावर उभं कसं करणार? आम्ही आमच्यापुरता तोडगा काढला. सगळ्यांच्या चिठ्ठीवर साठ किलो लिहायला लागलो.

चार दिवस ते चाललं. पाचव्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सगळ्या चिठ्ठ्या एकगठ्ठा परत आल्या. वरच्या चिठ्ठीवर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'परत. आपल्या वॉर्डात बाया, माणसे, म्हातारे सर्व साठ किलोचे आहेत. योगायोग मोठा आहे. कळावे.'

मी तशीच खाली गेले. पोशाख नुकताच उतरवला होता, तोंडावर मास्कचे वळ होते आणि पोटात सकाळपासून काही नव्हतं. बाहेरून खिडकीच्या लाकडावर हात आपटून मी म्हटलं, "काका, वर माणसं मरतायत आणि तुम्ही वजन विचारताय!"

"मरायलीत म्हणूनच इचारायलोय, मॅडम," ते म्हणाले. "एरवी इचारलं नसतं तरी चाललं असतं."

खरं तर एरवीही विचारत होते, पण ते सांगायचं भान मला तेव्हा नव्हतं. मी म्हटलं, "मग तुम्हीच या वर आणि मोजून दाखवा झोपलेली माणसं!"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "दोन दिवस द्या," म्हणाले.

दोन दिवसांनी हॉस्पिटलच्या दारात एक हातगाडी आली. तिच्यावर मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याचा बसका काटा होता, एका वेळी चार पोती मोजायचा. बाजार बंद होता, काटा रिकामाच पडून होता. काकांनी तो मागून घेतला होता आणि रस्त्यातल्या प्रत्येक चौकात पोलिसांना त्याचं कारण सांगत आणला होता. क्रांती चौकातल्या हवालदाराला त्यांनी "पेशंट मोजायला" असं सांगितलं, तेव्हा त्यानं वाट दिली. त्या दिवसांत कोणी काहीही सांगितलं तरी खरं वाटायचं.

वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये काटा मांडला गेला. स्ट्रेचर त्याच्यावर मावेना, म्हणून काकांनी गोदामातलं एक जुनं दार काढून आडवं टाकलं आणि काटा शून्यावर आणला. स्ट्रेचर ढकलणारे रफिकभाई कमरेवर हात ठेवून बघत होते. ते म्हणाले, "काका, ये काटा है के शादी का स्टेज? आदमी को लेटा के चढाना क्या?"

"हौ," काका म्हणाले. "रिकामी गाडी आधी, भरलेली मागून."

मग त्यांनी हॉस्पिटलची सगळी स्ट्रेचर एकेक करून मोजली आणि प्रत्येकाच्या पायाशी पांढऱ्या रंगानं त्याचं वजन लिहिलं. ३८. ४१. ३६ आणि अर्धा. रफिकभाईंना त्यांनी नीट समजावलं की माणूस वर असताना जो आकडा येईल त्यातून हा पांढरा आकडा वजा करायचा, गादी-चादर आधीच धरलेली आहे, दुसरं काही वर ठेवायचं नाही. एवढं करून ते खाली गेले आणि पुन्हा खिडकीत बसले. नियम म्हणजे नियम. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात अठ्ठेचाळीस, एकाहत्तर, ब्याण्णव अशी माणसं दिसायला लागली. वजन घेतल्यावर 'अंदाजे' लिहायचं कारण उरलं नाही आणि चिठ्ठ्या परत यायच्या थांबल्या. मला, खरं सांगते, थोडं चुकल्यासारखं वाटे.

जुलैमध्ये यमुनाबाई आल्या. हर्सूलच्या, सत्तरीच्या, अंगानं काडी. ऑक्सिजन खाली गेलेला, किडन्या आधीच दमलेल्या. त्या दिवशी वॉर्डात जागा नव्हती आणि त्यांच्यामागे आणखी तीन स्ट्रेचर उभी होती. रफिकभाई दुसरीकडे गुंतले होते, म्हणून मीच त्यांचं स्ट्रेचर काट्यावर ढकललं, आकडा वाचला, पांढरा आकडा वजा केला आणि चिठ्ठीवर सत्तावन्न किलो लिहिलं. डोस त्या हिशेबानं. चिठ्ठी खाली पाठवली आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

चिठ्ठी परत आली. 'परत. ह्या बाई मागील महिन्यात खिडकीवर ४१ भरल्या. आजारपणात १६ किलो वाढल्या काय? पुन्हा मोजावे. कळावे.'

मी ती वाचली आणि माझं डोकं फिरलं. मी स्वतः मोजलं होतं. काट्यावर, त्यांच्याच काट्यावर, त्यांच्याच पांढऱ्या आकड्यानं. वही जुनी असेल, नाव दुसऱ्या कोणाचं असेल, हर्सूलमध्ये यमुनाबाई काय एकच आहे? चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईंना मी म्हटलं, "काकांना सांगा, मी मोजलंय." आणि सिस्टरांना म्हटलं, "आपल्या डब्यातलं द्या." वॉर्डात अडीअडचणीसाठी चार इंजेक्शनं ठेवलेली असत. सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग डब्यातली साठ किलोच्या माणसासाठीची तयार भरलेली सिरिंज काढली.

खाली निरोप गेला आणि काका उठले. हे मला नंतर कळलं. ते खिडकी बंद करून निघाले. लिफ्ट पेशंटसाठी राखलेली होती, म्हणून ते गेलेल्या गुडघ्यांनी दोन जिने चढले. प्लास्टिकचा पोशाख चढवायला आम्हाला पंधरा मिनिटं लागत, त्यांनी तो किती वेळात चढवला माहीत नाही, पण उलटा चढवला होता. चेन पाठीवर होती आणि छातीवर कोणीतरी पेननं लिहिलेलं दुसऱ्याच डॉक्टरचं नाव होतं.

सिस्टरांनी यमुनाबाईंच्या पोटावरचा पदर बाजूला केला होता. दारातून आवाज आला, "सिस्टर, थांबा."

काका आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. यमुनाबाईंच्या स्ट्रेचरशी जाऊन त्यांनी चादर उचलली. बाईंच्या दोन पायांच्या मधे ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आडवा ठेवलेला होता. पेशंटला इकडून तिकडे न्यायचं असलं की आम्ही तो तसाच ठेवत असू, हाताला मोकळं वाटावं म्हणून. मी तो तसाच ठेवून यमुनाबाईंना मोजलं होतं.

"सोळा किलो," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "बारदान वजा केलं नाय, मॅडम."

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्या म्हाताऱ्या बाईच्या पोटात तिला लागतं त्याच्या दीडपट औषध जाणार होतं, किडन्या ते बाहेर टाकणार नव्हत्या आणि पुढं काय झालं असतं ते मला पुस्तकातून पाठ होतं. त्या दिवसाइतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

तोवर रफिकभाई आले होते, त्यांनी सिलिंडर हातात धरला आणि आम्ही पुन्हा मोजलं. एक्केचाळीस आणि शंभर ग्रॅम. काकांनी खिशातून चाळीसची सिरिंज काढली. ती त्यांनी खालूनच आणली होती. यमुनाबाईंनी डोळे उघडून त्या उलट्या पोशाखाकडे बघितलं आणि मास्कच्या आडून विचारलं, "कोन हाय बाबा?"

"औषधवाला," काका म्हणाले. "झोपा, मावशी."

मला वाटलं होतं आता हे वरपर्यंत जाईल. जायलाच हवं होतं. मी दोन दिवस बोलावण्याची वाट पाहिली, मग स्वतःच खिडकीशी गेले. म्हटलं, "काका, माझी तक्रार केली नाहीत."

त्यांनी वही उलटी करून माझ्यापुढे सरकवली. यमुनाबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं, 'काट्यावर सिलिंडर राहिला. बारदान वजा नाही. दुरुस्त केले.' कोणी केलं, ते नव्हतं. वॉर्डाच्या दारावर त्याच दिवशी एक कागद लागला होता, 'मोजताना सिलिंडर खाली घ्यावा. कळावे.' खाली काकांची सही होती.

"नाव लिहिलं असतं तर लोकांनी नाव वाचलं असतं," ते म्हणाले. "शिलिंडर कुणी वाचला नसता."

यमुनाबाई अठरा दिवसांनी घरी गेल्या. त्या दिवशी मी घरी जाऊन खूप रडले, आणि ते आनंदाचं रडणं होतं असं सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर मात्र काका रोज सकाळी वर यायला लागले. पॅसेजमध्ये काट्याशी उभे राहायचे, लोखंडी माप ठेवून काटा तपासायचे आणि एकेका स्ट्रेचरची चादर उचलून बघायचे. नियम मोडत होते, त्यांना सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, खिडकीतून शिलिंडर दिसत नाय." त्यांना आजार पॅसेजमध्ये लागला की भाजी घेताना, हे कोणी सांगू शकणार नाही. मला मात्र ते दोन जिने आठवतात.

गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात ते आमच्या वॉर्डात भरती झाले. आधी आठ दिवस उस्मानपुऱ्यात घरीच तापानं पडून होते. काकूंना वर यायची परवानगी नव्हती. त्यांनी खाली खिडकीशी डबा ठेवला आणि मला फोनवर म्हणाल्या, "त्यांचं बघा, बाई." मी म्हटलं, बघते. आणखी काय म्हणणार?

मी त्यांची चिठ्ठी लिहायला बसले. वही मागवून घेतली. दर सोमवारी त्यांचं वजन त्यात होतंच, सहा-सहा वर्षांचं. शेवटच्या नोंदीतलं अडुसष्ट मी चिठ्ठीवर उतरवलं. खिडकीत बदली म्हणून आलेल्या माणसानं ती न बघता औषध काढून दिलं. सिरिंज घेऊन मी काकांच्या खाटेशी गेले. ते पालथे झोपलेले होते, तोंडावर मोठा मास्क होता आणि एक डोळा माझ्याकडे होता. त्यांनी बोटानं सिरिंज दाखवली आणि हात उताणा केला. काटा काय म्हणतो, असं विचारताना ते खिडकीत करत तसाच.

"वहीतलं घेतलंय, काका. तुमच्याच अक्षरातलं."

त्यांनी मास्क थोडा उचलला. "त्या सोमवारी मी पेशंट नव्हतो," म्हणाले. आणि मग, फार हळू, "परत."

वॉर्डात सत्तावीस पेशंट होते. तरी आम्ही त्यांना स्ट्रेचरवर घेतलं आणि पॅसेजमध्ये नेलं. रफिकभाईंनी गाडी दारावर चढवली. ऑक्सिजनची नळी आखूड होती, सिलिंडर लांब ठेवता येईना. मग मी तो उचलला. सोळा किलो. काट्याच्या बाहेर, काकांच्या उशाशी, तो पोटाशी धरून मी उभी राहिले. रफिकभाईंनी आकडा वाचला, पांढरा आकडा वजा केला. "बासठ."

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या सिलिंडरकडे, मग माझ्या पायांकडे. माझे पाय काट्याबाहेर आहेत याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"बारदान?" त्यांनी विचारलं.

"वजा आहे, काका."

त्यांनी डोळे मिटले. आमचं ते शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी त्यांना श्वासासाठी घशात नळी घालावी लागली आणि सहाव्या दिवशी ते गेले. त्या सहा दिवसांत मी त्यांना रोज मोजलं, रोजची चिठ्ठी स्वतः दोनदा तपासली. त्यांचा एकही डोस चुकला नाही. हे मी काकूंना सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. त्यांनी इचारलं असतं."

बाजार उघडल्यावर व्यापारी काटा न्यायला आला. आता तो जाधववाडीच्या बाजारात कुठेतरी पोती मोजत असेल. दार गोदामात परत गेलं. स्ट्रेचरच्या पायाशी पांढरे आकडे अजून आहेत. नव्या डॉक्टरांना ते अनुक्रमांक वाटतात आणि मी त्यांना थांबवून सांगते. मला ते कंटाळवाणी बाई समजतात, याची मला कल्पना आहे. लोखंडी माप खिडकीच्या दारापाशी आहे. मागच्याच महिन्यात मला लागलं.

खिडकीत काकांच्या जागी एक नवी मुलगी आली. वही चालू ठेवायची असं मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं का ते विचारलं नाही, त्यामुळे ती मला आवडली. दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी तिथं चिठ्ठी द्यायला उभी होते आणि यमुनाबाई आजारानंतर पहिल्यांदाच आल्या. मास्क हनुवटीवर, हातात कापडी पिशवी. मला त्यांनी ओळखलं नाही. वॉर्डात त्यांनी माझे फक्त डोळे पाहिले होते, तेही चष्म्याआडून.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. कमरेची चाव्यांची जुडी सोडून खिडकीच्या फळीवर ठेवली, कुणी न सांगता. मग काट्यावर चढल्या आणि ताठ उभ्या राहिल्या.

"चव्वेचाळीस," मुलगी म्हणाली.

"म्हंजी लई वाढलं की!" यमुनाबाई खूश झाल्या. खिडकीत वाकून त्यांनी आत बघितलं. "ते भाऊ नाईत का? लई रागवायचे मला, खात जा म्हणून. त्यांना सांग, तीन किलो भरले म्हनाव. इसरू नको."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"सांगते, मावशी," मी म्हटलं. वही माझ्याकडे ओढून घेतली आणि त्यांच्या नावापुढे चव्वेचाळीस लिहिलं.